मुंबईच्या बसचे इंधन

मुंबईतील ट्रामसेवा ९ मे १८७४ रोजी सुरू झाली ती घोड्यांच्या बळावर. कुलाबा ते पायधुणी या मार्गावर पहिली ट्राम धावली. ट्राम कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते, आणि त्यांच्या दाणावैरणीचा खर्च हाच इंधनाचा खर्च होता. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. ही वीज सुरुवातीला वाडी बंदरच्या वीजघरात कोळसा जाळून तयार होई, म्हणजे धूर होता, पण तो रस्त्यावर नव्हता. पुढे १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि कालांतराने ट्राम चालवणाऱ्या बेस्टने टाटांची वीज विकत घ्यायला सुरुवात केली. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाच्या बळावर मुंबईची ट्राम धावू लागली. रस्त्यावरच्या प्रवासाचे इतके स्वच्छ साधन मुंबईला पुन्हा लवकर मिळाले नाही.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस सुटली. बसला रूळ लागत नव्हते, डोक्यावर तारा लागत नव्हत्या. शहर उत्तरेकडे वाढत होते, आणि नव्या वस्तीपर्यंत रूळ टाकण्यापेक्षा बस पाठवणे केव्हाही स्वस्त होते. १९३७ मध्ये दुमजली बस आल्या. एकच इंजिन, एकच चालक आणि प्रवासी जवळजवळ दुप्पट. तेव्हा त्यांच्याकडे इंधन वाचवण्याचा उपाय म्हणून पाहिले गेले नसेल, पण प्रवाशामागे जळणाऱ्या इंधनाचा हिशेब केला तर दुमजली बस ही फार मोठी सुधारणा होती.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा देशात अनेक ठिकाणी बस लोणारी कोळशावर चालवण्यात आल्या. गाडीच्या मागे किंवा बाजूला लोखंडी भट्टी बसवलेली असे. तिच्यात कोळसा भरून पेटवायचा, पंखा फिरवून निखारा फुलवायचा, पुरेसा वायू तयार झाला की मगच इंजिन सुरू व्हायचे. या वायूत ताकद कमी, त्यामुळे चढावर गाडी रडत असे, आणि राख व डांबरासारखा चिकटा साफ करण्यात क्लीनरचा बराच वेळ जाई. पेट्रोल पुन्हा मिळू लागताच या भट्ट्या निघाल्या.

७ ऑगस्ट १९४७ रोजी बेस्ट मुंबई महापालिकेच्या ताब्यात आली. पुढच्या दोन दशकांत शहराने रस्त्यांवरची विजेची वाहतूक जवळजवळ संपवून टाकली. बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली. ट्रामच्या जागी काही अंशी ट्रॉलीबस यावी असा प्रयत्न त्याआधीच झाला होता. १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर रबरी टायरच्या, पण डोक्यावरच्या तारांतून वीज घेणाऱ्या बस सुरू झाल्या. त्या १९७१ मध्ये बंद पडल्या. रस्त्यातला अडथळा, तारांची देखभाल, ठरावीक मार्गाला बांधलेली गाडी ही सगळी कारणे त्या वेळी पटण्यासारखी होती. डिझेल स्वस्त होते आणि धुराची किंमत कोणी मांडत नव्हते. तरीही वीज सोडण्याचा निर्णय मुंबईला महाग पडला, कारण पुढची जवळजवळ तीस वर्षे बस म्हणजे डिझेल हेच समीकरण राहिले.

डिझेल स्वस्त राहिले नाही. १९७३ च्या अखेरीस तेल उत्पादक देशांनी भाव वाढवले आणि काही महिन्यांत कच्चे तेल सुमारे चौपट महागले. त्यानंतर बस उपक्रमांमध्ये लिटरचा हिशेब काटेकोर झाला. १९७८ मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, स्थापन केली. बसचालकांना इंधन वाचवायला शिकवणे हे तिच्या कामांपैकी एक. एसटीत आजही मायलेज ‘केपीटीएल’मध्ये, म्हणजे दहा लिटरमागे किती किलोमीटर, असे मोजतात. या आकड्यावरून चालक आणि आगार दोघांचीही परीक्षा होते.

आगारात जे वाचते ते दिसायला क्षुल्लक असते. टायरमध्ये हवा कमी असली की चाक जड होते. ब्रेक घासत राहिले तर इंजिन स्वतःशीच झगडते. एअर फिल्टर धुळीने भरला की इंजिनाला हवा पुरत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर निघतो. इंजेक्टर झिजला तरी तेच. म्हणून काळा धूर म्हणजे प्रदूषण आणि नासाडी एकदमच. बाकीचे चालकाच्या पायात असते. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवणे, पुढचा सिग्नल लाल दिसत असताना अॅक्सिलरेटर दाबणे आणि मग कचकन ब्रेक मारणे, शेवटच्या थांब्यावर इंजिन चालू ठेवणे, या सवयी सुटल्या की तीच बस, तेच इंजिन असूनही मायलेज सुधारते. इंधन बचतीच्या इतिहासात नव्या यंत्रांचा गाजावाजा होतो. मेकॅनिक आणि चालकांच्या वाट्याला त्यातले फार थोडे श्रेय येते.

धुराचा प्रश्न मात्र न्यायालयात सुटू लागला. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील सर्व बस सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला. त्याची अंमलबजावणी रडतखडत झाली, मुदती वाढल्या, पंपांवर रांगा लागल्या, पण २००२ च्या अखेरीस दिल्लीच्या रस्त्यांवरून शहर सेवेच्या डिझेल बस नाहीशा झाल्या. मुंबईतही वाहनांच्या धुराविरुद्ध रहिवाशांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. येथे गॅस जवळच होता. बॉम्बे हायचा वायू उरणला किनाऱ्यावर येत होता आणि तो शहरात पुरवण्यासाठी १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली होती. टॅक्सी, रिक्षा आणि मग बेस्टच्या बस सीएनजीवर जाऊ लागल्या. गॅसच्या इंजिनातून काजळी जवळजवळ निघत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ते इंजिन डिझेलच्या इंजिनाइतके काटकसरी नसते, आणि टपावर किंवा खाली बसवलेल्या टाक्यांचे वजन बसलाच वाहावे लागते. दरम्यान डिझेलही बदलले. भारत स्टेज ४ च्या डिझेलमध्ये दशलक्ष भागांत ५० भाग गंधक चालत होते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मध्ये ते १० वर आले.

वीज परतली ती २०१७ मध्ये, बॅटरीच्या रूपाने. दर दोन-तीनशे मीटरवर थांबणाऱ्या शहर बसला विजेची मोटर विशेष सोयीची असते. ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या शक्तीचा काही भाग बॅटरीत परत जातो, आणि बस कोंडीत उभी असताना मोटर काही खात नाही. डिझेल बस शहरात लिटरमागे साधारण तीन-चार किलोमीटर जाते. एका लिटरमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते, म्हणजे किलोमीटरला अडीच-तीन युनिट खर्च होतात. विजेची बस साधारण एक ते दीड युनिटमध्ये तेवढे अंतर कापते. कर्ब वायूचा हिशेब मात्र इतका लख्ख नाही. देशातील वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे आणि एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे रस्त्यावरचा धूर पूर्ण थांबला तरी हवामानाच्या दृष्टीने होणारा फायदा वीज कोठून येते यावर ठरतो.

१५ सप्टेंबर २०२३ रोजी डिझेलची शेवटची दुमजली बस सेवेतून निवृत्त झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेची वातानुकूलित दुमजली बस धावू लागली होती. या नव्या बस बेस्टच्या मालकीच्या नाहीत. कंत्राटदाराची गाडी, त्याचाच चालक आणि किलोमीटरमागे ठरलेले पैसे, अशी ही पद्धत. आगारातील मेकॅनिकचे काम आणि ज्ञान त्यामुळे कंत्राटदाराकडे गेले, आणि काही कंत्राटदारांनी काम मध्येच सोडले तेव्हा फेऱ्या बंद पडल्या. २०१० च्या सुमारास बेस्टकडे चार हजारांहून अधिक बस होत्या. आता भाड्याच्या धरूनही ताफा तीन हजारांच्या आत आला आहे. ही घट इंधनाच्या दृष्टीनेही तोट्याची, कारण चाळीस प्रवासी घेऊन जाणारी जुनी डिझेल बससुद्धा एका लिटरमध्ये एका माणसाचा सुमारे १४० किलोमीटरचा प्रवास घडवते. एकटा माणूस बसलेली मोटार त्याच लिटरमध्ये बारा-पंधरा किलोमीटर जाते.