पहाऱ्यावरचा शेवटचा अंक

विकिपीडियावरील लेखाच्या तळाशी संदर्भांची यादी असते. तिच्यात एखाद्या पुस्तकापुढे कधी कधी लाल अक्षरांत तक्रार दिसते : या पुस्तकाचा क्रमांक तपासा. ती कोणा संपादकाने लिहिलेली नसते. लेखक, शीर्षक, वर्ष, क्रमांक असे रकाने असलेला जो 'साचा' संपादक भरतात, तो साचाच ती करतो. पुस्तक कधी न पाहता त्याला चूक कळते कशी? याचे उत्तर विकिपीडियाच्या जन्माआधीचे (म्हणजे २००१ च्या आधीचे) आहे.

१९६५ साली इंग्लंडमधील डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तकविक्रेत्यांनी आपले गोदाम संगणकावर चालवायचे ठरवले. त्यासाठी प्रत्येक पुस्तकाला क्रमांक हवा. पण क्रमांक लिहिणार माणूस, आणि माणसाच्या सवयी आपण वह्या तपासताना रोज पाहतो : एखादा अंक चुकतो, नाहीतर शेजारचे दोन अंक जागा बदलतात. गॉर्डन फॉस्टर या संख्याशास्त्रज्ञांनी नऊ अंकी क्रमांक सुचवला. त्यातला शेवटचा अंक केवळ आधीच्या आठांवर पहारा ठेवण्यासाठी होता. १९७० मध्ये ही पद्धत दहा अंकी होऊन आंतरराष्ट्रीय झाली. जुन्या क्रमांकांच्या आरंभी शून्य लावले की काम भागे.

फळ्यावर करून पाहू. ०-३०६-४०६१५-२ हा क्रमांक घ्या. डावीकडून अंकांना अनुक्रमे १०, ९, ८ असे १ पर्यंत गुणत जा आणि गुणाकारांची बेरीज करा. ती १३२ येते. तिला ११ ने नि:शेष भाग जातो. आता शेजारच्या ६ आणि १ यांची अदलाबदल करा : ०-३०६-४०१६५-२. बेरीज १२७, भाग जात नाही. चूक सापडली! अशा अदलाबदलीने बेरीज त्या दोन अंकांतील फरकाइतकीच बदलते आणि हा फरक ९ हून मोठा असूच शकत नाही. तेव्हा ११ च्या तावडीतून सुटका नाही. (शेवटचा अंक १० यायचा असेल तेथे रोमन दहा, म्हणजे 'एक्स' हे अक्षर छापत.)

१ जानेवारी २००७ पासून क्रमांक तेरा अंकी झाला. दुकानातील इतर मालावर छापल्या जाणाऱ्या पट्ट्यांच्या संकेताशी तो जुळावा, हा हेतू. आपला क्रमांक ९७८-०-३०६-४०६१५-७ असा होतो. येथे अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे आणि बेरजेला १० ने भागायचे. बेरीज १०० येते, ठीक. आता तीच अदलाबदल करा. बेरीज ९०, पुन्हा भाग जातो! जुन्या पहारेकऱ्याने पकडलेला चोर नव्याने सोडून दिला. व्यापाराच्या सोयीपायी पहारा थोडा सैल झाला, असे आम्हाला वाटते. आणखी कोणत्या जोड्या अशा निसटतात, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

लाल तक्रार दिसली की काही उत्साही मंडळी ती नाहीशी होईपर्यंत शेवटचा अंक बदलत राहतात. दहाअकरा प्रयत्नांत तक्रार जातेही. पण चूक मधल्या अंकात असेल तर ती तशीच राहते आणि वाचक भलत्याच पुस्तकाकडे पोचू शकतो. खरा उपाय म्हणजे पुस्तक उघडून पाहणे. कधी कधी गंमत अशी होते की प्रकाशकाने पुस्तकातच चुकीचा क्रमांक छापलेला असतो. यासाठी इंग्रजी विकिपीडियाच्या साच्यात सोय आहे : क्रमांकाभोवती दुहेरी कंस घातले की 'छापले आहे ते असेच' हे साच्याला कळते आणि तो गप्प बसतो.