विज्जडवीडची करणी

भास्कराचार्यांचे विज्जडवीड म्हणजे आजचे बीड, असे काही अभ्यासक मानतात; जवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे चाळीसगावचा दावा मला अधिक भक्कम वाटतो. त्यांची ‘करणी’, म्हणजे पूर्ण वर्ग नसलेल्या संख्येचे मूळ, मात्र दोन्ही गावांनी अभिमानाने सांगावी अशी. ‘लीलावती’त (इ.स. ११५०) ते अवर्ग संख्येचे मूळ फक्त ‘निकट’ मिळते म्हणतात, ‘बीजगणिता’त √२ आणि √८ यांची बेरीज नेमकी √१८ करतात. √२ = प/फ हा अतिसंक्षिप्त अपूर्णांक मानला, तर प² = २फ², म्हणून प सम, मग फही सम, ही विसंगती दाखवणारी ग्रीक सिद्धता त्यांच्याकडे नाही. पण म्हणून विरुद्ध पक्ष गृहीत धरून तो खोडणे आपल्याकडे नव्हतेच, हा आक्षेप टिकत नाही. न्यायशास्त्रातला ‘तर्क’ तेच करतो. माझ्या मते करणी हीच संख्या मानून तिचे नियम बांधणे, हे त्यांना अधिक निकडीचे होते.