‘स्वीटहार्ट्स’ची बारा वर्षं

मिसिसिपीतली ‘पायनी वुड्स’ ही कृष्णवर्णीय मुलांची निवासी शाळा. लॉरेन्स जोन्स यांनी १९०९ साली काढलेली. विद्यार्थी बहुतेक गरीब, त्यामुळे फीचा भरवसा नाही. गावोगाव गाऊन देणग्या आणणारी पथकं हाच शाळेचा आधार. त्याच धर्तीवर १९३७ मध्ये मुलींचा वाद्यवृंद उभा राहिला : ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम’. त्यात चिनी आणि मेक्सिकन वंशाच्या मुलीही होत्या.

१९४१ मध्ये मुलींनी शाळेशी फारकत घेतली आणि व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला बिऱ्हाड हलवलं. त्याच वर्षी सूत्रं अ‍ॅना मे विनबर्न यांच्याकडे आली. ओमाहात पुरुषांचा वाद्यवृंद चालवलेली ही गायिका. हाताखाली चार्ली ख्रिश्चनसारखा गिटारवादक वाजवून गेलेला. वाय बर्नसाइडचा सॅक्सोफोन, टायनी डेव्हिसचं ट्रम्पेट आणि पॉलीन ब्रॅडीचे ड्रम्स यांवर हार्लेमचं ‘अपोलो’ थिएटर डोलू लागलं.

रंगमंचावरून उतरल्यावर मात्र दक्षिणेत हॉटेलची दारं बंद. जेवण, झोप, कपडे बदलणं, सारं बसमध्येच. १९४३ मध्ये रॉझ क्रॉन ही गोरी मुलगी आली आणि पोलिसांचा ससेमिरा वाढला. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र राहणं, वाजवणं तिथे कायद्याला मंजूर नव्हतं. प्रयोगाआधी रॉझ चेहऱ्याला गडद रंग फासून बसे. १९४५ मध्ये युरोपातल्या कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांसाठीही त्यांनी दौरा केला.

परतल्यावर चित्रपट आला. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी, कृष्णवर्णीय नटसंचात चित्रपट काढणारा तेव्हा वेगळा व्यवसाय होता. भांडवल तुटपुंजं, चित्रीकरण झटपट. नावाजलेल्या वाद्यवृंदाची गाणी कथेत गुंफली की तिकीटबारीला हातभार लागे. निर्माते विल्यम अलेक्झांडर यांच्या ‘दॅट मॅन ऑफ माइन’मध्ये (१९४६) अभिनेत्री रूबी डी यांच्यासोबत ‘स्वीटहार्ट्स’ दिसल्या. काही संगीतपटही निघाले.

१९४९ मध्ये वाद्यवृंद विसर्जित झाला. व्यवस्थापिका रे ली जोन्स यांचं आजारपण, मुलींची लग्नं, वर्षानुवर्षांच्या प्रवासाचा शीण आणि मोठ्या वाद्यवृंदांचा सरता काळ, सगळंच एकदम आलं.

रेकॉर्ड कंपन्यांनी ‘स्वीटहार्ट्स’च्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच तबकड्या काढल्या. ग्रेटा शिलर आणि आंद्रेया वाइस यांनी १९८६ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला, तेव्हा कामी आली ती त्या चित्रपट-संगीतपटांची, कमी पैशांत काढलेली चित्रफीतच. ‘मुली काय वाजवणार?’ या प्रश्नाचं उत्तर त्यात ऐकूही येतं आणि दिसतंही.