प्रकाशीय संवेदकांची संवेदनक्षमता आणि पुण्यातील संशोधन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
प्रकाशाच्या साहाय्याने सूक्ष्म बदल मोजणाऱ्या संवेदकांचा इतिहास बहुधा उपकरणांचा इतिहास म्हणून मांडला जातो. आरसे निर्दोष झाले, लेसर स्थिर झाले आणि संवेदनक्षमता वाढली, असे त्याचे स्वरूप असते. पुण्यातील संशोधन पाहता हे चित्र अपुरे ठरते.

पुण्यातील कार्य :
विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या परिसरात 'आयुका'ची स्थापना केली. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते. येथे डॉ. संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी गणिती पद्धती विकसित केल्या. त्या वेळी 'लायगो'चे ४ किलोमीटर बाहूंचे व्यतिकरणमापी उभे राहिले नव्हते. अपेक्षित संकेत गोंगाटात बुडालेला असणार, हे मात्र स्पष्ट होते. डॉ. बी. एस. सत्यप्रकाश व डॉ. धुरंधर यांनी १९९१ मधील शोधनिबंधात, जोडताऱ्यांच्या विलीनीकरणाचा संकेत शोधण्यासाठी तरंगरूपांचे साचे कसे निवडावेत, याची मांडणी केली. साचे विरळ ठेवल्यास संकेत निसटतो. दाट ठेवल्यास गणनेचा भार वाढतो. दि. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर नोंदली गेली. तेव्हा बाहूंच्या लांबीतील फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांशांइतकाच होता. त्या नोंदीची खात्री पटविण्यात साच्यांशी जुळणी करण्याची पद्धत महत्त्वाची ठरली.

नवा वाद :
नॉन-हर्मिशियन फोटॉनिक्समध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. प्रकाशाची वृद्धी व ऱ्हास यांचा मेळ साधून दोन कंपनावस्था एकरूप होतील असा 'अपवादात्मक बिंदू' साधता येतो. तेथे वारंवारितेतील फरक बाह्य बदलाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून अत्यल्प बदलालाही मोठा प्रतिसाद मिळतो. २०१७ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी प्रयोगाने हे दाखविले. तथापि २०२० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी लेसर जायरोस्कोपवरील प्रयोगातून दाखविले की, प्रतिसादाबरोबर गोंगाटही वाढतो व त्या उपकरणात मिळालेला लाभ नाहीसा होतो.

समारोप :
यावरून असे म्हणता येईल की, प्रतिसाद वाढणे म्हणजे संवेदनक्षमता वाढणे नव्हे. संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर हाच खरा निकष होय. पुण्यातील संशोधनाचा पाया प्रारंभापासून याच निकषावर उभा होता. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील 'लायगो-इंडिया' प्रकल्पास २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याचा इतिहास लिहिताना आरसे व लेसर यांच्याइतकेच स्थान पुण्यातील कागदावरच्या गणितासही द्यावे लागेल.