हरलेला पूर्वज

जवळजवळ हजार वर्षं फ्रान्सच्या राजांचे पूर्वज ट्रॉयचे होते. फ्रेडेगारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 7व्या शतकातल्या बखरीत ही कथा येते. ग्रीकांनी ट्रॉय जाळल्यावर तिथून निसटलेल्यांची एक शाखा भटकत ऱ्हाईन नदीकाठी आली आणि फ्रांसिओ नावाच्या राजावरून तिला फ्रँक हे नाव पडलं. रोमनांनी आपलं कूळ ट्रॉयच्या एनियसला नेऊन भिडवलं होतं. रोमच्या पंगतीला बसायचं तर फ्रँक राजांनाही त्याच घराण्याची दुसरी पाती लागणार होती. 1572 साली रोंसार या कवीने यावर ‘ला फ्रांसियाद’ नावाचं महाकाव्य छापायला घेतलं आणि चार सर्गांनंतर सोडून दिलं. त्या भूमीत फ्रँकांच्या आधीपासून राहणाऱ्या गॉल लोकांना या मूळ वंशावळीत जागा नव्हती. सीझरने इ.स.पू. 1ल्या शतकात त्यांना जिंकलं आणि त्यांची भाषाही पुढे मेली. जिंकल्या गेलेल्यांना आपले बापजादे कोण म्हणणार?

तरीही ‘आमचे पूर्वज गॉल’ हे शब्द आज फ्रान्समध्ये न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. गॉल पूर्वजपदावर बसले ते एका घरच्या भांडणातून. परक्या शत्रूशी त्यांची सांगड पुष्कळ नंतर घातली गेली. कुळकथेचा हा भाग सहसा सांगितला जात नाही, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

कॉम्त द बुलँव्हिलिए हा सरदार 1722 मध्ये वारला आणि त्याचं इतिहासलेखन मरणोत्तर, 1727 मध्ये प्रसिद्ध झालं. सरदारांचे हक्क राजा गिळतो आहे, ही त्याची तक्रार होती. तिला त्याने वंशाचा आधार दिला. आम्ही सरदार हे विजेत्या फ्रँकांचे वंशज, बाकीची रयत जिंकल्या गेलेल्या गॉलांची. आमचे अधिकार तलवारीने मिळवलेले आहेत, राजाच्या मेहेरबानीचे नाहीत, असा त्याचा दावा होता. म्हणजे एकाच देशात दोन वंश, एक मालकांचा आणि एक चाकरांचा. या मांडणीतला धोका त्याला दिसला नाही. जो अधिकार निव्वळ जिंकण्यातून येतो, तो उलट जिंकून काढूनही घेता येतो.

1789 च्या जानेवारीत आबे सिएयेसची पुस्तिका निघाली. ‘तिसरा वर्ग म्हणजे काय?’ हा तिचा प्रश्न होता; तिसरा वर्ग म्हणजे पाद्री आणि सरदार वगळता उरलेली सगळी रयत. त्याने सरदारांचा दावा खोडून काढला नाही. तो मान्य करून त्यांच्यावरच उलटवला. तुम्ही विजेत्यांची पोरं असाल, तर फ्रँकोनियाच्या जंगलात परत का जात नाही? तुम्ही गेल्यावर राष्ट्राला गॉल आणि रोमन यांच्या वंशाचंच काय ते राहावं लागेल, आणि त्याचं त्याला दुःख होणार नाही, असं त्याचं म्हणणं. बुलँव्हिलिएने हिणवण्यासाठी वापरलेलं कूळ इथे अभिमानाचं झालं. मला हा क्षण या सगळ्या कथेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेतकरी, विणकर, वकील, दुकानदार अशा कोट्यवधी माणसांना पहिल्यांदाच राजाहून जुनं कूळ मिळालं.

कूळ मिळालं, पण त्याला चेहरा नव्हता. तो 19व्या शतकाने दिला. आमेदे तिएरीचा ‘गॉलांचा इतिहास’ 1828 मध्ये आला आणि त्यातून आर्व्हेर्नी टोळीचा व्हर्सिंगेटोरिक्स वर आला. इ.स.पू. 52 मध्ये त्याने अनेक टोळ्यांना एकत्र आणलं, जर्गोव्हियाला सीझरला मागे रेटलं आणि काही महिन्यांतच अलेसियाच्या वेढ्यात तो हरला. सहा वर्षं रोमच्या कैदेत राहिल्यावर, इ.स.पू. 46 मध्ये सीझरच्या विजययात्रेत त्याची धिंड निघाली आणि नंतर त्याला ठार मारलं. आंरी मार्तँच्या लोकप्रिय इतिहासग्रंथांनी त्याला घरोघरी पोचवलं.

त्याला पुतळा दिला तो सम्राट तिसऱ्या नेपोलियनने. हा सम्राट स्वतः सीझरचं चरित्र लिहीत होता. अलेसिया नेमकं कुठलं यावर तेव्हा कडाक्याचा वाद चालू होता. त्याने 1861 ते 1865 या काळात बर्गंडीतल्या आलीझ-सँत-रेन गावाभोवती उत्खनन करवलं आणि सीझरच्या सैन्याने खणलेले खंदक सापडले. मग 1865 मध्ये एमे मियेने घडवलेला, सुमारे साडेसहा मीटर उंचीचा तांब्याच्या पत्र्याचा पुतळा टेकडीवर उभा राहिला. चबुतरा वास्तुकार व्हियोले-ल-द्युकचा. लांब केस, झुपकेदार मिशा, गळ्यात माळ. आणि चेहरेपट्टी खुद्द सम्राटाशी मिळतीजुळती असल्याचं लोक म्हणतात. तलवार आणि चिलखत मात्र व्हर्सिंगेटोरिक्सच्या कितीतरी शतकं आधीच्या ब्राँझयुगातलं. त्याचं नाव कोरलेली काही सोन्याची नाणी खरोखर सापडली आहेत. त्यांवर बिनमिशीचा, कुरळ्या केसांचा तरुण आहे. पण गॉलची सोन्याची नाणी मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपच्या नाण्यांवरून घडलेली होती आणि तिथे चेहरा अपोलो देवाचा असे. तेव्हा तो चेहरा तरी त्याचा की देवाचा, हे सांगणं कठीण. रोमन कवी ल्युकनने तर आर्व्हेर्नींविषयी असं नोंदवलं आहे की ते स्वतःला ट्रॉयच्या रक्ताचे, म्हणून रोमनांचे भाऊ म्हणवून घेत. ज्याला पुढे मातीतला पूर्वज मानलं, त्याचेच लोक आपलं कूळ समुद्रापलीकडे शोधत होते.

1870 मध्ये सेदानला हाच सम्राट प्रशियाच्या हाती कैद झाला आणि 1871 मध्ये आल्सास व लोरेनचा काही भाग गेला. आता हरलेल्या नायकाची गरज पडली. व्हर्सिंगेटोरिक्स हरला होता, पण एकजुटीने लढून हरला होता. सीझरने त्याच्या शरणागतीला दोन तुटक वाक्यांपलीकडे शब्द दिले नव्हते. शृंगारलेला घोडा, त्यावरून सीझरभोवती घातलेला फेरा, पायाशी टाकलेली शस्त्रं हे सगळं प्लुटार्कने शतकाहून अधिक काळानंतर लिहिलं. लिओनेल रोयेने 1899 च्या चित्रात तेच निवडलं. त्यात पांढऱ्या घोड्यावरचा पराभूत उंच दिसतो आणि बसलेला विजेता त्याच्यापुढे लहान. क्लेर्मों-फेरांच्या चौकात 1903 मध्ये त्याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तो बार्तोल्दीचा. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता घडवणारा हा शिल्पकार मूळचा आल्सासमधल्या कोल्मारचा, म्हणजे गमावलेल्या प्रांतातला. त्याचं गाव परक्या अमलाखाली असताना हा पुतळा उभा राहिला, याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

‘आमचे पूर्वज गॉल’ हे वाक्य पोरांच्या तोंडी बसवलं शाळेने. 1881 आणि 1882 च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष झालं. एर्नेस्त लाव्हिसची इतिहासाची पाठ्यपुस्तकं 1876 पासून आवृत्तीमागून आवृत्ती निघत होती आणि त्यांची सुरुवात गॉलपासून होई. सम्राट गेल्यावर आलेल्या प्रजासत्ताकाला हेच सोयीचं होतं. बाप्तिस्मा घेतलेला फ्रँक राजा क्लोव्हिस हा राजेशाहीचा आणि चर्चचा पूर्वज. गॉल दोघांच्याही आधीचा. ब्रेतों, बास्क, ऑक्सितान अशा वेगवेगळ्या भाषा घरी बोलणाऱ्या मुलांना एकाच बाकावर बसवायला या पूर्वजाचा उपयोग झाला, आणि ते काम त्याने चोख केलं. त्याच 1882 मध्ये, 11 मार्चला, सोर्बोनमधल्या व्याख्यानात विचारवंत एर्नेस्त रनाँने सांगितलं की फ्रान्स एकाच वेळी केल्टिक, आयबेरियन आणि जर्मानिक आहे आणि राष्ट्र वंशावर उभं राहत नाही. वर्गांत मात्र फळ्यावर गॉलच राहिले.

मग हे वाक्य समुद्र ओलांडून गेलं आणि तिथे ते खोटं पडलं. मार्तिनिकमधल्या, गुलामांच्या पणतवंडांनी भरलेल्या वर्गात फ्रान्समधलाच अभ्यासक्रम चाले. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक शाळांसाठी वेगळी पुस्तकं होती. ‘मुसा आणि गी-ग्ला’ हे 1916 चं वाचन-पुस्तक त्यांतलंच. तेव्हा प्रत्येक आफ्रिकी मुलाने हे वाक्य घोकलं, हे काही खरं नाही. पण ज्यांना घोकावं लागलं, त्यांच्याकडून त्यांचे खरे आजे-पणजे काढून घेतले गेले. ब्रेतों मुलाकडूनही काही काढून घेतलं होतं, पण त्याला बदल्यात मत मिळालं, नागरिकत्व मिळालं. वसाहतींतल्या बहुतेकांना हे हक्क मिळाले नाहीत. या वाक्यावर माझा खरा राग आहे तो इथे.

1942 च्या ऑगस्टमध्ये मार्शल पेतँने जर्गोव्हियाला देशभरातून आणि वसाहतींतून आणलेली माती एकत्र करण्याचा सोहळा केला. जर्मनांपुढे गुडघे टेकलेल्या राजवटीनेही त्याच हरलेल्या नायकाची आण घेतली. युद्धानंतर या पूर्वजाला सावरलं ते दोन चित्रकथाकारांनी. 29 ऑक्टोबर 1959 ला ‘पिलोत’ साप्ताहिकाच्या पहिल्या अंकात ॲस्टेरिक्स हा चित्रकथेतला गॉल वीर आला. लेखक रने गोसिनी पोलंड आणि युक्रेनमधून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा, अर्जेंटिनात वाढलेला. त्याच्या आईकडचे नातेवाईक नाझींच्या छळछावण्यांत मेले. चित्रकार आल्बेर युदेरझो इटालियन स्थलांतरितांचा मुलगा. ज्यांच्या रक्तात गॉलचा थेंबही दाखवता येणार नाही, अशा दोघांनी गॉलला सगळ्या जगाचा लाडका केला. आधी कुणी पूर्वज हक्काने मागितला होता, कुणी तो लादला होता. या दोघांनी त्याला प्रेमाने दत्तक घेतलं.

सप्टेंबर 2016 मध्ये माजी अध्यक्ष निकोला सार्कोझी प्रचारसभेत म्हणाले की माणूस फ्रेंच झाला की त्याचे पूर्वज गॉल होतात. त्यांचे वडील हंगेरीतून आलेले. यावर देशभर वाद पेटला आणि तो पेटायलाच हवा होता, कारण आपल्या खऱ्या आजोबांचं नाव दाराबाहेर ठेवून या, ही अट त्यात दडलेली होती.

मातीत चाललेलं काम या वादांहून शांतपणे पुढे गेलं आहे. 1991 ते 1997 या काळात अलेसियाच्या खंदकांचं नव्याने उत्खनन झालं ते फ्रेंच आणि जर्मन पुरातत्त्वज्ञांनी मिळून. बिब्राक्त या एदुई टोळीच्या राजधानीला अध्यक्ष मितराँ यांनी 1985 मध्ये राष्ट्रीय स्थळ घोषित केलं. याच बिब्राक्तला इ.स.पू. 52 मध्ये टोळ्यांच्या सभेने व्हर्सिंगेटोरिक्सचं नेतृत्व कायम केलं होतं. तिथे तटबंदी, रस्ते, कारागिरांची वस्ती सापडली, आणि इटलीहून आलेल्या दारूच्या रांजणांची अगणित खापरं. त्यांतली पुष्कळशी सीझर येण्याच्या आधीची आहेत.