शिराकावा-गो व गोकायामा

जपानच्या होन्शू बेटाच्या मध्यभागी, हाकुसान या २,७०२ मीटर उंचीच्या पवित्र पर्वताच्या पूर्वेस, शो नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेला ग्रामप्रदेश. नदीच्या वरच्या अंगाचा शिराकावा-गो गिफू प्रांतात, तर खालच्या अंगाचा गोकायामा तोयामा प्रांतात मोडतो. शिराकावातील ओगिमाची आणि गोकायामातील आइनोकुरा व सुगानुमा या तीन वस्त्यांचा समावेश १९९५ साली जागतिक वारसास्थळांत झाला.

येथील घरांच्या बांधणीस ‘गाश्शो-झुकुरी’, म्हणजे जोडलेल्या हातांची घडण, असे म्हणतात. हे हात जोडणे बौद्ध धर्माबरोबर पूर्वेकडे गेलेली आपलीच अंजलिमुद्रा होय. हिवाळ्यात पुरुषभर उंचीचा बर्फ साचतो, आणि त्याचा भार घरावर टिकू नये म्हणून गवताने शाकारलेले पाखे सुमारे साठ अंशांच्या तीव्र उतारावर उभारलेले असतात. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही; वासे पेंढ्याच्या दोरांनी व कोवळ्या झाडांच्या पिळलेल्या खोडांनी आवळलेले असतात. ओगिमाचीत बहुतेक आढी खोऱ्याच्या दिशेने, दक्षिणोत्तर आहेत. त्यामुळे वारा घराच्या अरुंद बाजूवर येतो आणि दोन्ही पाख्यांना ऊन सारखे लाभते. तीस-चाळीस वर्षांनी छप्पर नव्याने शाकारावे लागते. त्यासाठी शेदोनशे माणसे एकत्र येऊन एक पाखा बहुधा एका दिवसात पुरा करतात. या श्रमविनिमयास तेथे ‘युइ’ म्हणतात. आपल्याकडील इर्जिकीचेच हे रूप.

परंतु केवळ वास्तुशिल्प म्हणून या घरांकडे पाहणाऱ्यास त्यांचे मर्म कळणार नाही. सपाट जमीन थोडी, भातशेती तुटपुंजी, म्हणून उदरनिर्वाहाचा सारा भार घरावरच पडला. प्रशस्त माळ्यांवर रेशमाचे किडे पोसले जात. तळमजल्यावरील अग्निकुंडाची ऊब त्यांना मिळे आणि त्याच धुराने छपराची कीड मरे. जोत्याखाली खड्डा खणून त्यात माती, किड्यांची विष्ठा आणि दवण्याच्या कुळातील एक वनस्पती यांचे थर चार-पाच वर्षे कुजत ठेवीत आणि त्यांतून बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा काढीत. गोकायामावर अंमल असलेल्या कागा संस्थानच्या माएदा सरदारांना हा सोरा मोलाचा वाटे. हद्दपार कैद्यांना ते याच दुर्गम भागात ठेवीत, आणि कोणी पळून जाऊ नये म्हणून नदीवर पूल बांधण्यास मनाई होती; दोरावरून ओढल्या जाणाऱ्या टोपलीत बसून लोक पैलतीर गाठीत. ओगिमाचीतील वादा घराण्याची इमारत, जिच्या मालकांकडे गावची पाटीलकी, नाक्याचा कारभार आणि सोऱ्याचा व्यापार होता, प्रेक्षकांसाठी खुली असून तिच्या काही भागात आजही कुटुंब नांदते.

जर्मन वास्तुविशारद ब्रूनो टाउट याने १९३५ साली या घरांतील तर्कशुद्ध रचनेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. पुढे मात्र वरच्या खोऱ्यातील मिबोरो धरणाच्या जलाशयात गावे बुडाली आणि अनेक घरे विकली किंवा मोडली गेली. तेव्हा १९७१ साली ओगिमाचीच्या रहिवाशांनी घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, मोडायचे नाही, असा निर्बंध स्वतःवर घालून घेतला. सरकारी संरक्षण १९७६ मध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या निश्चयानंतर आले, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गवताच्या छपरांना आगीचे भय मोठे असल्याने गावभर पाण्याचे फवारे बसविलेले आहेत.

जुन्या गढीच्या जागेवरून ओगिमाचीचे संपूर्ण दर्शन घडते. ऑक्टोबरात तेथील हाचिमान देवळाच्या उत्सवात देवास अर्पण केलेले, न गाळलेले तांदळाचे मद्य आल्यागेल्यास वाटतात. गोकायामात सप्टेंबरच्या अखेरीस कोकिरिको हे प्राचीन लोकगीत नृत्यासह सादर होते. त्याच्या साथीचे सासारा हे वाद्य दोरीत ओवलेल्या १०८ लाकडी पट्ट्यांचे असते. नर्तक ते दोन्ही हातांत कमानीसारखे धरून मनगटाच्या झटक्याने वाजवितो आणि पट्ट्यांची लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खळखळत जाते.