‘खोटी असावी बहुतेक’

दिवाळीला महिना झाला की धुळ्याच्या देवपुरातल्या पोरांच्या टिकल्यांच्या पिस्तुलांचे घोडे तुटलेले असतात, रोलही संपलेले असतात. तरी पिस्तूल खिशातून निघत नाही. ‘ठो’ तोंडाने म्हणता येतं. २०१४ चा २२ नोव्हेंबर असाच, लक्ष्मीपूजनानंतर बरोबर तिसाव्या दिवशी आलेला शनिवार. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये बारा वर्षांच्या तामिर राइसकडेही त्या दिवशी एक खेळणं होतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे.

दोन वर्षं आधी. क्लीव्हलँडशेजारच्या इंडिपेंडन्स गावात टिमथी लोमन हा नवा पोलीस बंदुकीच्या सरावात रडवेला झाला. याचं चित्त थाऱ्यावर नाही, वेळ दिला, शिकवलं तरी फरक पडणार नाही, असं वरिष्ठाने फायलीत लिहून ठेवलं. लोमन राजीनामा देऊन निघाला. मार्च २०१४ मध्ये त्याला क्लीव्हलँड पोलिसांनी घेतलं. फाईल मागवून वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

पुन्हा २२ नोव्हेंबर २०१४, घटनेच्या काही तास आधी. तामिरने मित्राला आपला मोबाईल वापरायला दिला आणि बदल्यात त्याची प्लॅस्टिकच्या छर्र्यांची बंदूक घेतली. पोरांचा सरळ सौदा. बंदूक काळी, खऱ्या कोल्ट पिस्तुलासारखी हुबेहूब. खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला नारिंगी टोक हवं, असा अमेरिकेत नियम आहे. या बंदुकीलाही ते होतं. पण बिघाड काढायला म्हणून मित्राने ती उघडली आणि टोक परत बसवता आलं नाही. सांभाळून वापर, एवढं त्याने तामिरला बजावलं होतं.

दुपार. क्युडेल रिक्रिएशन सेंटरजवळच्या बागेत बर्फ पडलेलं. कॅमेऱ्यात तामिर इकडून तिकडे हिंडताना दिसतो. बंदूक रोखतो, खिशात टाकतो, बर्फाचा गोळा करून पायाखाली चिरडतो. मग चौथऱ्यावरच्या छपराखाली बसतो आणि टेबलावर डोकं टेकतो. कंटाळलेलं पोर, दुसरं काय.

३ वाजून २२ मिनिटं. देवपुरात रात्रीचे १.५२, पांझरा नदीच्या दोन्ही काठांवर सामसूम. बागेतला एक माणूस ९११ ला फोन लावतो. कुणीतरी लोकांवर बंदूक रोखतंय; पण खोटी असावी बहुतेक, असं तो सांगतो. पुढे हेही सांगतो की पोरगाच असावा. समोरून त्याला पुन्हा पुन्हा विचारलं जातं, काळा की गोरा?

आता इथे जरा थांबू. आपल्या ११२ सारखंच तिथेही फोन घेणारा माणूस वेगळा, वायरलेसवरून गाडी पाठवणारा वेगळा. मधे संगणकाचा पडदा. फोन घेणाऱ्या बाईंनी पडद्यावर टोपी लिहिली, जाकीट लिहिलं, रंग लिहिला, बंदूक लिहिली. ‘खोटी असावी’ आणि ‘पोरगा असावा’ एवढंच लिहायचं राहिलं. माझ्या मते घात झाला तो इथेच, गोळी सुटायच्या काही मिनिटं आधी. लोमन आणि गाडी चालवणारा फ्रँक गार्मबॅक यांच्या कानावर गेलं ते एवढंच: काळा पुरुष, पिस्तूल, लोकांवर रोखतोय.

३.३०. गाडी रस्त्यावर थांबत नाही. हिरवळीवरून घसरत थेट छपरापाशी येते, तामिरपासून जेमतेम काही फुटांवर. दार उघडतं. लोमन दोन गोळ्या झाडतो. गाडी थांबल्यापासून दोन सेकंदही झालेले नाहीत. हात वर कर, असं तीनदा ओरडलो, असं पोलीस नंतर म्हणाले. दोन सेकंदांत ते एकदा म्हणून बघा.

वायरलेसवर निरोप जातो: काळा पुरुष पडलाय, वय साधारण वीस.

पुढची चार मिनिटं. जखमेवर कुणी हात ठेवत नाही. चौदा वर्षांची बहीण धावत येते. तिला खाली पाडून बेड्या घालतात आणि गाडीत बसवतात. जवळच असलेला एफबीआयचा एक माणूस पोहोचतो, तेव्हा पहिला उपचार होतो. आई सामारिया येते. लेकीपाशी थांबायचं की लेकाबरोबर जायचं, हे तिला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. ती रुग्णवाहिकेत बसते, पुढच्या सीटवर.

२३ नोव्हेंबर. तामिर गेला.

डिसेंबर २०१५ मध्ये ग्रँड ज्युरीने कुणावरही खटला भरायला मान्यता दिली नाही. बंदूक खोटी असावी हे पोलिसांना कुणी सांगितलंच नव्हतं, हा त्यांच्या बाजूचा मोठा मुद्दा. पडद्यावर राहून गेलेलं वाक्य असं त्यांच्याच कामी आलं. २०१६ मध्ये शहराने कुटुंबाला साठ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. लोमनला २०१७ मध्ये काढलं, पण गोळीसाठी नाही. नोकरीच्या अर्जात खरं लिहिलं नव्हतं म्हणून. फोन घेणाऱ्या बाईंना आठ दिवस निलंबित केलं.